ओट्याच्या ग्रॅनाइटमधून करंट जातो का?

गेल्या मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातला ओटा बदलायला काढला. जुना कडप्पा तीन ठिकाणी तडकला होता आणि घरच्यांचा हट्ट गुलाबी ग्रॅनाइटचा, तोही इलकलकडचा. बसवायला आलेला मेस्त्री खानापूरकडचा, हाताखाली त्याचाच पोरगा. अंगणात विटांवर स्लॅब आडवा टाकला, पोरानं बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पाण्याची बारीक धार धरली आणि बापानं ग्राइंडर लावला. सिंकचा चौकोन अर्धा कापून झाला असेल, तोच मेस्त्रीनं ग्राइंडर टाकला आणि हात झटकत मागं सरला.

“सर, ह्या दगडातनं करंट येतंय काय हो?”

आधी बटण बंद केलं. मग पाहिलं तर वायरीचा एक जोड नुसताच पिळलेला, त्यावरची टेप सुटलेली, आणि तो जोड स्लॅबखाली साचलेल्या पाण्यात पडलेला. करंट आला तो पाण्यातून. दगडाचा काही गुन्हा नव्हता. तसं मी मेस्त्रीला सांगितलं, त्यानं नवी टेप गुंडाळली आणि विषय मिटला.

चहा घेताना मात्र पोरानं विचारलं, “मग दगडातनं करंट कवाच जात न्हाई?”

तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवूनही तिथं मी जरा अडखळलो. कारण ‘जात नाही’ हे उत्तर गार दगडापुरतंच खरं आहे. हाच ग्रॅनाइट सहाशे-आठशे अंशांपर्यंत तापवला तर त्यातून वीज वाहते. तांब्यासारखी नाही, पण नीट मोजता येईल इतकी. आणि ती वाहते मुख्यतः ज्या खनिजातून, त्याचं नाव फेल्डस्पार.

कापून उरलेला तुकडा हातात घेऊन उन्हात फिरवला तर हे खनिज ओळखता येतं. ग्रॅनाइटमध्ये तीन प्रकारचे दाणे दिसतात. काचेच्या फुटक्या तुकड्यासारखे धुरकट दिसतात ती गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. काळे, चकचकीत, नखानं पापुद्रे निघणारे ते अभ्रक. आणि तुकडा हळूहळू कलता केला की एका विशिष्ट कोनात ज्यांचा सपाट चेहरा आरशासारखा एकदम चमकतो, ते गुलाबी आणि पांढरे दाणे फेल्डस्पारचे. हे खनिज ठरावीक प्रतलांवर सपाट फुटतं, म्हणून ती चमक. इलकलच्या दगडाचा गुलाबी रंगही त्यातल्या पोटॅशवाल्या फेल्डस्पारचाच.

दुर्मीळ खनिज आहे असं मात्र समजू नका. भूकवचाचा निम्म्याहून जास्त भाग फेल्डस्पारच आहे. बेळगावच्या उत्तरेचा काळा बेसाल्ट घ्या, नाहीतर कित्तूर-बैलहोंगलकडचे जुने ग्रॅनाइटी खडक घ्या, फेल्डस्पार दोन्हींत भरपूर. पावसापाण्यात लाखो वर्षं कुजून त्याची चिकणमाती होते, आणि खानापूरच्या कुंभारांचे माठ आणि कौलं अशाच मातीतून घडतात. गंमत म्हणजे चिनी मातीतही तो मुद्दाम घालतात. घरातल्या जुन्या मेन स्विचमधला पांढरा किटकॅट फ्यूज, खांबावरचा पांढरा किंवा तपकिरी इन्सुलेटर, या सगळ्यांच्या मिश्रणात फेल्डस्पार असतो. भट्टीत तो वितळतो आणि बाकीच्या मातीला काचेसारखा सांधून ठेवतो. म्हणजे वीज अडवायला आपण जी वस्तू वापरतो तिच्यात हाच पदार्थ, आणि जमिनीखाली वीज वाहून नेणारा म्हणून ज्याचा अभ्यास होतो तोही हाच. फरक फक्त तापमानाचा.

हे कसं, ते कळायला फेल्डस्पारच्या आत डोकवावं लागतं.

सिलिकॉनचा एक अणू मध्ये आणि त्याच्याभोवती चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे चार अणू, अशा चौफुल्या कल्पा. प्रत्येक ऑक्सिजन दोन चौफुल्यांत सामाईक, त्यामुळे तिन्ही दिशांना पसरलेला एक भक्कम सांगाडा तयार होतो. नुसता एवढाच सांगाडा असला तर ती गारगोटी. फेल्डस्पारमध्ये काही चौफुल्यांत सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलेलं असतं. सिलिकॉनचा धनभार चार, ॲल्युमिनियमचा तीन. जिथं जिथं ही अदलाबदल झाली तिथं एका धनभाराची तूट पडते. ती भरून काढायला सांगाड्याच्या पोकळ्यांत सोडियम, पोटॅशियम किंवा कॅल्शियमचे आयन, म्हणजे भार असलेले अणू, येऊन बसतात. सोडियमवाला तो अल्बाइट, कॅल्शियमवाला अनॉर्थाइट, पोटॅशियमवाला ऑर्थोक्लेज किंवा मायक्रोक्लिन. निसर्गात बहुतेक वेळा ही सरमिसळच असते.

तांब्याच्या तारेत वीज नेतात ते मोकळे इलेक्ट्रॉन. फेल्डस्पारमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन जवळजवळ नसतातच, सगळे बंधांत अडकलेले. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन हे तर घराच्या भिंती, ते कुठं जाणार? हलू शकतात ते पोकळ्यांतले भाडेकरू, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियमचे आयन. त्यांच्यावर धनभार आहे. ते एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकले की भार सरकला, म्हणजेच वीज वाहिली. पावसाच्या पाण्यात फेल्डस्पारमधून आधी धुऊन जातात तेही हेच भाडेकरू. मागं उरते ती माती.

हे भाडेकरू सगळे सारख्या चपळाईनं हलत नाहीत. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळचा खडेबाजार डोळ्यांपुढे आणा. सायकलवाला वळणं घेत निघून जातो, तो सोडियम. रिक्षा दर दहा पावलांवर अडते. तो पोटॅशियम, कारण त्याचा आयन सोडियमपेक्षा बराच मोठा. मग कॅल्शियमचं काय? आकारानं तो सोडियमएवढाच आहे. पण त्याच्यावर भार दोन, आणि आजूबाजूचा ऑक्सिजन त्याला दुप्पट ओढतो. दोन्ही हात दोन ओळखीच्या दुकानदारांनी धरून ठेवलेल्या माणसासारखी त्याची गत. अंगानं किरकोळ, पण जागचा हलेल तर शपथ. म्हणून सोडियम जितका जास्त तितका फेल्डस्पार वीज चांगली नेतो. माझ्या ओट्यातल्या गुलाबी दाण्यांपेक्षा पांढरे, सोडियमवाले दाणे या बाबतीत सरस. बाजारात मात्र भाव गुलाबीला.

आता तापमान कुठं आलं? आयनला एका पोकळीतून पुढच्या पोकळीत जायचं तर मधल्या चिंचोळ्या दारातून घुसावं लागतं. त्याला एक किमान ऊर्जा लागते. तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात, आपण तिकीट म्हणू. सोडियमवाल्या फेल्डस्पारसाठी हे तिकीट इलेक्ट्रॉन-व्होल्ट या एककात साधारण ०.८५ धरायला हरकत नाही. घरच्या तापमानाला प्रत्येक अणूच्या खिशात थरथरण्याची जी सरासरी ऊर्जा असते, त्याच्या तेहतीस पट हे तिकीट पडतं. खिशात एक रुपया, तिकीट तेहतीस रुपये. लाखो-कोट्यवधी धडपडींत एखाद्यालाही ते जमत नाही. ९०० अंश सेल्सिअसला खिशातली रक्कमच चौपट होते, म्हणजे तेच तिकीट साडेआठ पटींत येतं. आता पुष्कळांना ते परवडतं.

आणि इथं वाढ सरळ हिशेबानं होत नाही. स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसनं १८८९ मध्ये रासायनिक क्रियांच्या वेगासाठी जे सूत्र मांडलं, तेच इथं लागू पडतं. ०.८५ चं तिकीट धरून मी वहीत आकडेमोड केली. ६०० वरून ९०० अंशांवर गेलं की वहनक्षमता साधारण अठरा पट वाढते. खोलीच्या तापमानावरून ६०० अंशांपर्यंतचा फरक त्याच सूत्रानं काढला तर तो निघतो दोनशे कोटी पटींहून जास्त. हा दुसरा आकडा कागदावरचाच समजा. गार फेल्डस्पार मोजायला गेलं तर मीटर दगडापेक्षा त्याच्या अंगावरचा ओलावाच मोजत बसेल. पण ओट्यावर मिक्सर बिनघोर का ठेवता येतो, हे त्यावरून कळतं.

हा चमत्कार मी एकदा वर्गात दाखवला होता, फेल्डस्पारऐवजी काचेवर. साध्या काचेतही सोडियम असतो. बल्बच्या मंडलात तारेच्या जागी काचेची कांडी जोडली. बल्ब अर्थातच लागला नाही. मग कांडीखाली बर्नर धरला. काच लाल होऊन वाकायला लागली तसा बल्ब आधी मिणमिणला, मग लख्ख पेटला. बर्नर काढून घेतला तरी तो जळतच राहिला, कारण काचेतून जाणारा करंटच आता काच तापवत होता. पोरं बाकांवर उभी राहिली. मुख्याध्यापकांना कळल्यावर पुन्हा तो प्रयोग झाला नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबरच होतं. घरी करून बघू नका. याच तत्त्वावर जर्मनीच्या वाल्टर नेर्न्स्टनं १८९७ मध्ये एक विजेचा दिवाच बनवला होता. त्यातली चिनी मातीसारखी कांडी आधी तापवावी लागे, मग तिच्यातून वीज वाहून ती झगझगत असे.

जमिनीखाली खोलवर दगड तापलेला तर असतोच, शिवाय दाबलेलाही असतो. दाबानं काय होतं? आपल्याकडच्या खडकांत साधारण ३५ किलोमीटर खाली गेलं की दाब एक गिगापास्कलच्या आसपास जातो, म्हणजे हवेच्या दाबाच्या दहा हजार पट. आकडा मनात भरत नसेल तर चिकोडी-निपाणी रस्त्यावरची उसानं भरलेली ट्रॉली आठवा. साधारण दहा टन. ती अख्खी ट्रॉली अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर उभी केली तर जो दाब पडेल, तो हा.

एवढ्या दाबाखाली सगळंच ठप्प व्हायला हवं असं वाटतं. होत नाही. सांगाडा थोडा आवळतो, दारं किंचित अरुंद होतात. खडेबाजारात दुकानदारांनी फळ्या हातभर पुढे सरकवाव्यात तसं. सायकलवाला अडखळतो, पण जातो. दाब वाढला की फेल्डस्पारची वहनक्षमता थोडी घटते, पण एक गिगापास्कलनं जी घट होते ती तापमान पन्नासेक अंश वाढलं तरी भरून निघते. पृथ्वीच्या कवचात दगडाची वीज ठरवतं ते तापमान, दाबाचं काम दुय्यम. मला स्वतःला ही या सगळ्या विषयातली सगळ्यात अनपेक्षित गोष्ट वाटते.

हे प्रयोगशाळेत मोजतात कसं? फेल्डस्पारचा शुद्ध स्फटिक किंवा त्याची दाबून घट्ट केलेली पूड घेऊन काही मिलिमीटरची छोटी चकती करतात. तिच्या दोन्ही तोंडांना धातूच्या चकत्या लावतात, त्या इलेक्ट्रोड. भोवती वीज न नेणाऱ्या मॅग्नेशियम ऑक्साइडची नळी, तिच्याभोवती तापवायला ग्राफाइटची नळी, तापमान बघायला थर्मोकपल. हे सगळं बोटाच्या पेराएवढं गाठोडं एका मोठ्या प्रेसच्या टणक जबड्यांत ठेवतात आणि आवळत नेतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांत हायड्रॉलिकची कामं पाहिलेल्यांना प्रेस नवा नाही; इथं फक्त सगळा जोर करंगळीएवढ्या जागेवर येतो.

चकतीतून साधा बॅटरीचा एकदिश प्रवाह सोडत नाहीत, त्याचं कारण मजेशीर आहे. आयन धातूच्या इलेक्ट्रोडमध्ये शिरू शकत नाहीत. टिळकवाडीत दुसरं रेल्वे गेट पडलं की एका बाजूला गाड्या जशा तुंबतात, तसे ते एका टोकाला साचतात. साचलेली गर्दी मागून येणाऱ्यांना ढकलून लावते आणि मीटरचा आकडा खोटा पडतो. म्हणून दिशा सतत उलटसुलट करणारा प्रवाह सोडतात, सेकंदाला एक आवर्तन ते दहा लाख आवर्तनांपर्यंत वेगवेगळ्या गतीनं. मिळालेली उत्तरं आलेखावर मांडली की अर्धवर्तुळ उमटतं, आणि त्याचा व्यास म्हणजे दगडाचा रोध. कधी दुसरंही एक कमानीसारखं अर्धवर्तुळ शेजारी दिसतं. ते दाण्यांमधल्या सांध्यांचं किंवा इलेक्ट्रोडपाशी झालेल्या गर्दीचं. दगडाचं कुठलं आणि गर्दीचं कुठलं हे वेगळं काढता येतं, हाच या पद्धतीचा फायदा. तापमान बदलत असे बरेच रोध मोजले की आलेखात सरळ रेष मिळते, तिच्या उतारावरून तिकीट कळतं.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण पृथ्वीच्या पोटात कोणी उतरू शकत नाही, पण तिथल्या खडकांतून वीज किती वाहते हे वरून मोजता येतं. सूर्याकडून येणारे भारित कण आणि जगभर कडाडणाऱ्या विजा यांमुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सतत किंचित हेलकावत असतं. त्या हेलकाव्यांनी जमिनीत आपोआप प्रवाह उठतात. शेतात काही इलेक्ट्रोड पुरून आणि चुंबकीय क्षेत्र टिपणारी वेटोळी ठेवून हे दोन्ही मोजलं की खालचा खडक वीज किती नेतो हे काढता येतं. या पद्धतीला मॅग्नेटोटेल्युरिक म्हणतात. त्यातले इलेक्ट्रोड सच्छिद्र भांड्यांत क्षारांचा ओला लगदा भरून करतात, खानापूरच्या चाकावरही घडेल असं भांडं. जितका हेलकावा संथ तितकी त्याची पोच खोल: मध्यम रोधाच्या खडकात सेकंदाला एक आवर्तन घेणारा हेलकावा साधारण सोळा किलोमीटरपर्यंत पोचतो.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. बिदर-भालकीकडच्या लोकांना ती सांगायला नको. तिथं बेसाल्टचा थर फारच पातळ आहे. भूकंपानंतर घेतलेल्या विंधन भोकात अवघ्या ३३८ मीटरवर तो संपला आणि खाली जुने ग्रॅनाइटी खडक लागले, म्हणजे पुन्हा फेल्डस्पारचंच राज्य. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथं मॅग्नेटोटेल्युरिक मोजणी केली आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध केलं की भूकंपाच्या केंद्राखाली, ६ ते १० किलोमीटरच्या पट्ट्यात, वीज चांगली नेणारा थर आहे.

दगड वीज नेतोय म्हटल्यावर पहिली शंका तापमानाची. खालचा दगड खूप तापलाय का? इथं प्रयोगशाळेतली सरळ रेष कामाला येते. आपल्या बाजूची जमीन जुनी आणि थंड. खाली जाताना तापमान दर किलोमीटरला पंधरा अंशांच्या आसपास वाढतं. आठ किलोमीटरवर ते जेमतेम दीडशे अंशांच्या घरात. ०.८५ चं तेच तिकीट लावून बघा: दीडशे अंशांवर फेल्डस्पार ६०० अंशांच्या मानानं दीड लाख पटींनी कमी वीज नेईल. म्हणजे तिथला कोरडा खडक इन्सुलेटरच. जो थर दिसतोय तो निव्वळ दगडाचा असू शकत नाही.

मग उरतात दोन-तीन शक्यता. दाण्यांमध्ये ग्राफाइटची पुटं, किंवा धातूयुक्त खनिजं, किंवा भेगांमध्ये भरलेलं खारं पाणी. किल्लारीच्या बाबतीत त्या शास्त्रज्ञांनी कौल दिला तो भेगांतल्या द्रवाच्या बाजूनं. फेल्डस्पारचं मोजमाप हाताशी नसतं तर हा कौल देताच आला नसता, कारण दगडाचा वाटा किती हे ठाऊक असल्याशिवाय दुसऱ्याचा वाटा काढायचा कसा?

ओटा बसला त्या दिवशी हिशेब करायला मेस्त्री आणि पोरगा पुन्हा आले होते. मी वहीतली आकडेमोड दाखवत हे सगळं पोराला सांगितलं, किल्लारीपर्यंत. त्यानं शेवटच्या आकड्यापाशी बोट ठेवलं, जरा विचार केला, आणि बापाकडं बघून हसला.

“म्हंजे तिथंबी पाणीच की, बाबा.”